सीताचा रंग

३ ऑक्टोबर २००८
चार महिने एक ओळ नाही. चूक माझी. नवा इंकजेट प्रिंटर आला आणि मी त्याचाच झालो. कॅनव्हासवर फोटो छापणारा सिंदेवाहीत मी एकटा.
आज शकुबाई आल्या. त्यांची थोरली मुलगी सीता गेल्या वर्षी मेंदूच्या मलेरियाने गेली. १२ तारखेला, रविवारी वर्षश्राद्ध. भिंतीवर मोठा फोटो हवा. तिचा लग्नासाठीचा फोटो मीच काढला होता, फाइल आहे. दोन दिवसांचं काम.

५ ऑक्टोबर
शकुबाईंनी कॅनव्हास बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "हे आमची सीता नाई, रईसभाऊ. कोन्या मास्तरीनबाईचा फोटो हाय."
चूक सेटिंगची. कॅनव्हासला वेगळी कलर प्रोफाइल लागते; मी चकचकीत कागदाचीच ठेवली होती. उद्या दुरुस्त.

७ ऑक्टोबर
प्रोफाइल बदलली. शाई कमी-जास्त केली. रंगपट्ट्या छापून वाळवल्या. चेहरा गोराच. हवा दमट आहे, त्याने होत असावं.
कमरजहाँ म्हणाली, हवेने माणूस गोरा झाला असता तर बाजारात पावडर कोणी घेतली असती? बायकोला तंत्रातलं कळत नाही.

९ ऑक्टोबर
मूळ फाइल शोधली. नाही. उजळवलेली मी तिच्यावरच सेव्ह केली होती. स्थळाला दाखवायचा प्रत्येक फोटो उजळवतो, कोणी न सांगता.
सीता तेव्हा म्हणाली होती, "भाऊ, हे मी नाई. पाहाले येतीन त काय म्हनतीन?" मी हसलो होतो. पाहुणे आले, फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहिलं, अर्धा चहा ठेवून उठले. शकुबाईंनी हे मला तेव्हाच सांगितलं. घरातल्या ट्यूबलाइटखाली ती सावळी दिसली असेल, असं कारण मी त्यांना दिलं.
नियम: आजपासून कुणालाही गोरं करायचं नाही.

११ ऑक्टोबर
शकुबाई धाकट्या दिव्यानीला घेऊन आल्या. "दोघीचा रंग एकच. हिले पाहून करा."
दारातल्या उजेडात तिच्या हाताशी एकेक पट्टी धरली. सतरावी जुळली. त्यावरून चेहरा सुधारला, छापला. शकुबाईंनी कॅनव्हासवरच्या गालाला बोट लावलं. शाई ओली होती, पण मी अडवलं नाही.

१२ ऑक्टोबर
वर्षश्राद्धाला गेलो. सगळे म्हणाले, सीताच हाय. बरं वाटलं.
निघताना शकुबाई अंगणापर्यंत आल्या. दिव्यानीसाठी दिवाळीत पाहुणे येणार आहेत, फोटो हवा. "पन हिले गोरी काढजा, भाऊ." दिव्यानी मागे उभी होती, हातात उष्ट्या पत्रावळी.
मी नियम सांगणार होतो. मान डोलावली.
अगदी थोडंच उजळवीन.

उद्या: दिव्यानीचा फोटो काढणे. मूळ फाइल वेगळी जपून ठेवणे.