ऑम्निबस म्हणजे सगळ्यांसाठी

बाई,

आज कॉलेजच्या ग्रंथालयात एका मुलीनं माझ्यापुढे उशीएवढं जाड पुस्तक ठेवलं. एकाच लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्या एका बांधणीत, आणि वर मोठ्या अक्षरांत 'ऑम्निबस'. "मॅडम, याच्यात बसचं काय हाय?" तिनं विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आवाज तुमचाच निघाला. मी आता वाशीमला इंग्रजी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकतच होते.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: कामरगावच्या आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही बसला आहात. माझा दहावीचा निकाल लागलाय, आणि मला कॉलेजात घालायचं नाही असं बाबांनी ठरवलंय. ओसरीवर तुमच्यासाठी सतरंजी अंथरली होती, तरी तुम्ही सरळ आत येऊन आईजवळ पाटावर बसलात. आई भाकरी थापतेय, बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत. "शिकू नको म्हनत नाही मी, बाई. पन कारंजाले रोज एसटीनं जा लागते. कोन कोन चढते त्या गाडीत! पोरीले एकटी कायले धाडू?"

तुम्ही चिडाल असं मला वाटलं. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "बस हा शब्द कुठून आला, माहीत हाय का तुमाले?" बाबा गोंधळले. मग तुम्ही सांगितलंत: मूळ शब्द ऑम्निबस, जुन्या लॅटिन भाषेतला. अर्थ, सगळ्यांसाठी. फ्रान्समध्ये घोड्यांची मोठी गाडी निघाली, भाडं देईल त्या कुणालाही तीत बसता यायचं, म्हणून तिला हे नाव पडलं. पुढे लोकांनी शब्दाचं डोकं छाटून नुसती 'बस' ठेवली. आणि एखाद्याचं पुष्कळ लेखन एकाच पुस्तकात बसवलं, की त्यालाही ऑम्निबस म्हणू लागले.

"म्हंजे फुकट व्हय?" बाबा म्हणाले.

"फुकट नाही, भाऊ. पन कोनालेच उतर म्हनता येत नाही. तुमच्या पोरीलेही नाही."

आईचा हात परातीत थांबला. "जाऊ द्या ना तिले," ती तव्याकडे बघतच म्हणाली. बाबांसमोर तिला असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बाबा "पाहू" एवढंच म्हणाले. पण कॉलेजच्या पहिल्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून माझ्याबरोबर बसमध्ये चढले, बाजारात काम आहे म्हणून. मी पुढे, ते पार मागे. बरेच दिवस त्यांचं कारंजात रोज काही ना काही काम निघत राहिलं. मग एका सकाळी कंडक्टरला म्हणाले, "पोरगी चढून राह्यली, थांब जरासा," आणि स्वतः वावराकडे वळले. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून त्यांची पाठ बघत होते. परतल्यावर हे सांगायला मी शाळेत धावत आले, तर तुम्ही नुसतं "बरं झालं" म्हणालात आणि पुन्हा पेपर तपासायला लागलात.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. एक मात्र सांगते. पुढे खूप वर्षांनी कळलं, त्या उन्हाळ्यात तुम्ही गावातल्या आणखी कितीतरी पोरींच्या घरी गेला होतात, अशाच आत जाऊन बसला होतात, बापांशी हेच बोलला होतात. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते, तुम्ही एकट्या माझ्यासाठी आला होतात.