चिमाच्या पायाचं माप

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
रत्नागिरी,
ता. १९ जून १९८६

सौ. काशीवन्सं यांस,
मालनचा स. न. वि. वि.

तुमची चिमा सुखरूप पोचली. आली ती दोन्ही हातांत बूट धरून, अनवाणी! मी विचारलं, अगो, हे पायात घालायचे असतात हे ठाऊक आहे ना? तर म्हणाली, आईने चिखलात घालायचे नाहीत म्हणून सांगितलंय. बूट कोरडे आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल. तशीच माझ्या पुसलेल्या पडवीत उभी. हेमांगी तर हसून हसून लोळली.

वन्सं, तुम्ही नाट्याला मोकळ्या घरात राहता, तुम्हाला इथली कल्पना नाही. आमची एक खोली, मागे चूल आणि पुढे हातभर पडवी. त्यात आम्ही पाच होतो, आता सहा. मुलांच्या बुटांनी आधीच जीव नकोसा केला होता. तीन मुलं म्हणजे शाळेचे बूट, घरच्या चपला, पावसाळी सँडल, वर कोणाच्या तरी तुटक्या वहाणा, ज्या टाकू म्हटलं की गळा काढतात. शेवटी ह्यांनी कारखान्यातून आंब्याच्या तीन रिकाम्या पेट्या आणल्या आणि एकावर एक ठोकल्या. वरची नंदेशची, मधली हेमांगीची, खालची बाब्याची. चौथी ठोकायची तर दार उघडत नाही. दार काढून टाकू का सांगा.

तेव्हा चिमाचे बूट बाहेर पायरीखाली ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी भिजून त्यांचे बेडूक झाले. इथल्या हायस्कुलात काळे बूट नसले तर दारातून परत पाठवतात, तशी ती आली परत. रडायला येत नाही बाई तिला, नुसती उभी राहते. मला असली मुलं आवडत नाहीत.

भाची म्हणून ठेवून घेतली आहे, नाही म्हणत नाही. पण तिच्या जोड्यांना जागा कुठून आणू ते तुम्हीच कळवा. मासळीचा वास मात्र दोन आंघोळींत गेला हो. भागोजीभावजींचा पाय कसा आहे?

कळावे, आहे तो लोभ कमी होऊ देऊ नये.
तुमची,
मालन

•

॥ श्री ॥
नाटे,
ता. ६ जुलै १९८६

ति. सौ. मालनवहिनी यांस,
काशीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चिमाने पडवी घाण केली त्याबद्दल माफी असावी. बूट जपायचे म्हणून मीच तिला नको ते सांगून बसले. आमच्या घरात बूट आले ते पहिल्यांदाच, त्यांना कसं वागवायचं ते आम्हालाही ठाऊक नाही.

जागेचं तुम्ही लिहिलंत ते मी ह्यांना वाचून दाखवलं. होडीवर पाय मोडल्यापासून हे दारापुढच्या खळ्यात बसून जाळीच विणतात. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि जाड नायलॉनचा दोरा मागितला. सोबत पाठवलंय ते बघा. लांब जाळं आहे, त्याला कप्पे विणलेत. दाराच्या मागे वरच्या दोन कड्या खिळ्याला अडकवायच्या की झालं. जमिनीवर काही येत नाही, दार पूर्ण उघडतं, बुटांना वाराही लागतो. वरचे मोठे कप्पे नंदेश, हेमांगी आणि बाब्याला, प्रत्येकाला दोन-दोन. सगळ्यात खाली एक छोटा आहे तो चिमाचा. तिला एक पुरे. ट्रकवाल्या सदूबरोबर पाठवते.

वहिनी, तुमच्यापाशी पदर पसरून सांगते. माझ्या डोक्यावर मासळीची पाटी आली तेव्हा मी चौथीत होते. दादाला पुढे शिकवायचं म्हणून आईने माझी शाळा सोडवली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण माझ्या चिमाने दारोदार मासे घ्या म्हणून हिंडू नये. दहावी झाली की नर्सच्या कोर्सला घेतात म्हणे. एवढी तीन वर्षं तिला शाळेत जाऊ द्या. घरातलं काम तिला काहीही सांगा, ती करील.

बूट आणायच्या वेळी ह्यांनी तिच्या पायाचं माप सुतळीवर घेतलं होतं, टाचेला एक गाठ, अंगठ्याला एक. सुतळी बाजारात नेली आणि बूट आणले. ती अजून खुंटीला आहे. येता-जाता हे तिला हात लावतात आणि मी बघितलं की दुसरीकडे बघतात.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, माझ्या पोरीवर माया ठेवावी एवढीच विनंती.
आपली नम्र,
काशी

•

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
रत्नागिरी,
ता. २२ सप्टेंबर १९८६

सौ. काशीवन्सं यांस,
मालनचा स. न. वि. वि.

तुमचं जाळं पोचून बरेच दिवस झाले, पोच द्यायला सवड मिळाली नाही. आधी तीन वेळा सोड्यात भिजवलं. पण खोटं कशाला बोलू, झकास झालंय हो! शेजारच्या सावित्रीबाई बघून गेल्या, कुठल्या दुकानातून आणलंत विचारत होत्या. मी मुंबईचं म्हणून सांगितलं. नाट्याचं सांगितलं असतं तर वास घेत बसल्या असत्या.

पेट्या मोडून बंबात घातल्या. आता दारामागे बघावं तर सगळ्यांचे बूट, चपला ओळीने. ती ओळ राखायचं काम चिमाकडे दिलंय. मुलं शाळेतून आली की बूट काढतात, ती पुसते, पॉलिश करते, ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवते. हात चांगला आहे तिचा. गणपतीला तिला पाठवली नाही म्हणून रागावू नका, माझ्याकडे पाहुणे होते आणि पाहुण्यांचे जोडे काय कमी असतात?

तिचे बूट मात्र गेले. तळ निघाला. तुम्ही आणलेतच तसले. तेव्हा दिवाळीच्या आत नवे पाठवावेत, नाहीतर शाळा चुकेल. सोबत सुतळीवर माप पाठवते आहे, तुमच्या पद्धतीप्रमाणे दोन गाठी मारून. यंदा जरा बऱ्यापैकी घ्या, पट्ट्याचे, वर चकाकी असलेले. तिचा कप्पा रिकामा पडलाय, त्यात मी सध्या लसूण ठेवते.

खाली चिमा दोन ओळी लिहिते आहे.
कळावे, मनात काही ठेवू नये, लोभ ठेवावा.
तुमची,
मालन

ति. आई-बाबांस चिमाचा सा. नमस्कार. मी मजेत आहे. मामी मला खूप जपते. मी सगळ्यांचे बूट पुसते, एकही डाग राहू देत नाही. डाग राहिला तर मामी चहा देत नाही, त्यामुळे मला चांगली सवय लागली. बाबा अजून खळ्यात बसतात का? तुमची चिमा.

•

॥ श्री ॥
नाटे,
ता. ५ ऑक्टोबर १९८६

ति. सौ. मालनवहिनी यांस,
काशीचा सा. न. वि. वि.

पत्र आलं आणि पहिल्यांदा मला आनंदच झाला बघा. बूट झिजले! म्हणजे पोर रोज शाळेत जाते. मी वाडीत सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या चिमाने चार महिन्यांत बुटांचा तळ काढला. ठमाबाई म्हणाली, अगो, तुझ्या पायाचा तळ निघाला आणि तिच्या बुटाचा, बरं झालं. मी दुसऱ्याच दिवशी राजापूरला जायला निघाले होते.

पण ह्यांनी थांबवलं. तुम्ही पाठवलेली सुतळी त्यांनी हातात घेतली, खुंटीवरची काढली आणि दोन्ही शेजारी मांडीवर ठेवल्या. मग मला बोलावलं. वहिनी, तुमची सुतळी दोन बोटं आखूड आहे. मी म्हटलं ताणून बघा. त्यांनी ताणून बघितली. जन्मभर ज्या माणसाने जाळ्याची गाठ बोटांनी मोजली त्याला मी काय सांगणार? तेरा वर्षांच्या पोरीचा पाय वाढायचा, तो आखडेल कसा?

घाईत चुकून हेमांगीचं माप आलं असेल. तिला दिवाळीला बूट हवे असतील तर तेही मी आत्या म्हणून आनंदाने घेईन, तसं स्पष्ट लिहा, लाजू नका. पण चिमाचं माप परत पाठवा. आणि तिला घटक चाचणीत किती गुण पडले, वर्गात कुठे बसते, बाईंचं नाव काय, एवढं तिच्या हाताने लिहून पाठवा. तिच्या दोन ओळींत शाळेचं काहीच नव्हतं. ह्यांना त्या दिवसापासून जेवण जात नाही.

काही चुकीचं लिहिलं असेल तर पोटात घाला. कळावे, उत्तराची वाट बघते, लोभ असू द्या.
आपली,
काशी

•

रत्नागिरी,
ता. १४ ऑक्टोबर १९८६

सौ. काशीवन्सं यांस,
मालनचा नमस्कार.

वा! आता नवरा-बायको मिळून सुतळ्या मोजायला लागलात! माझ्यावर पहारा ठेवायचा होता तर पोर पाठवलीत कशाला?

हो, माप हेमांगीचं आहे. चिमाचे बूट जूनपासून हेमांगीच घालते, पुढे कापूस कोंबून. तिचे फाटले होते आणि हे चिमाचे पायरीखाली कुजत होते, त्यात काय एवढं आकाश कोसळलं? ते आता फाटले. मोठे म्हणून तिला चालताना त्रास व्हायचा, म्हणून या खेपेला नीट मापाचे मागवले. मागून घेतले असते तर तुम्ही दहा सबबी सांगितल्या असत्या.

आणि शाळेचंच विचारता तर ऐका. बूट नाहीत म्हणून तिला दोन-तीनदा परत पाठवलं, मग मीच पाठवायची बंद केली. पटावरून नाव जुलैतच कमी झालं. मला घरात माणूस हवंच होतं. तीन मुलांचं, आल्या-गेल्याचं मी एकटीने किती करायचं? तुमचं जाळं लागल्यापासून घर कसं आवरल्यासारखं वाटतं आणि ते आवरायला चिमा लागते. खाते-पिते, अंगावर हेमांगीचे जुने फ्रॉक आहेत, अजून काय पाहिजे? नर्स होणार म्हणे. पाटीवालीच्या पोरीचा पाय तो, भाकरीसारखा पसरलेला, कुठला बूट त्याला बसणार होता? मी तुमच्या तोंडावर सांगते म्हणून मी वाईट.

ती इथेच राहू दे. चार वर्षांनी मी चांगलं स्थळ बघून देईन. पण रागाच्या भरात न्यायला आलात तर ह्या घराची पायरी तुम्हाला पुन्हा नाही, हे ह्यांच्याशी बोलूनच लिहिते.

कळावे, लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.
मालन

काशी, वहिनी बोलते ते जरा मनावर घे. घरात शांतता हवी. भाऊबीजेला येईन. तुझा दादा, गंगाराम.

•

नाटे,
ता. ८ नोव्हेंबर १९८६

मालनवहिनी यांस,
काशीचा नमस्कार.

पोरीला न्यायला आले तेव्हा तुमच्या दारात मी एक शब्द बोलले नाही. सावित्रीबाई बघत होत्या, आणि दादा पेपर तोंडासमोर धरून बसला होता. तुम्ही मात्र चिमाला मागून हाक मारून सांगितलंत की जायच्या आधी तेवढे बाब्याचे सँडल पुसून जा. आणि ती गेली की मागे, पुसून आली. ते मी विसरणार नाही.

जाळं तुमच्याकडेच राहू दे. ह्यांनी विणलेलं आहे, तुमची नातवंडं मोठी होतील तरी तुटणार नाही.

चिमाचं वर्ष गेलं. खाडीपलीकडच्या शाळेत जूनमध्ये पुन्हा आठवीत बसवीन. तिथे अनवाणी चालतं, मी हेडमास्तरांना विचारून आले. तोवर सकाळी माझ्याबरोबर पाटी घेऊन येते. नको म्हटलं तरी ऐकत नाही, घरात बसवत नाही म्हणते. जे होऊ नये म्हणून मी तिला तुमच्याकडे पाठवली तेच माझ्या डोळ्यांसमोर पुढे चालतं. तुमची खात्री करून देते, तिचा पाय भाकरीसारखाच आहे. माझा आहे, आमच्या आईचा होता. आम्हा दोघींच्या पायांवर तुमचा नवरा शिकला.

दादा भाऊबीजेला आला होता. घरी येऊन काय बोलला ते मला ठाऊक नाही, बहुतेक काहीच बोलला नसेल, म्हणून मी लिहिते.

एकटाच आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि चिमाला फ्रॉकचं कापड. खोटं बोलत नाही, मी तबक तयार ठेवलं होतं. सकाळपासून दहा वेळा पाणंदीकडे बघून झालं होतं. म्हटलं, बायकोसमोर बोलता आलं नसेल, इथे येऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवील, दोन शब्द बोलेल, मग मी सगळं गिळून टाकीन. त्याने खळ्यात चपला काढल्या.

तेवढ्यात चिमा आतून धावत आली. मला वाटलं मामाला भेटायला येते. ती खाली बसली, त्याच्या चपला उचलल्या, परकराच्या टोकाने पुसल्या. पट्टे पुसले, तळ पुसले, मग छातीशी धरून उभी राहिली आणि आमच्या भिंतीवर जागा शोधायला लागली. आमच्या भिंतीला कुठले आलेत कप्पे? तिने मामाला विचारलं, कुठे ठेवू. ह्यांच्या हातातली सुई थांबली.

दादाने तिच्याकडे बघितलंही नाही. पेढ्यांचा पुडा सोडत म्हणाला, ठेव गो कुठेही.

मी चपला तिच्या हातातून घेतल्या आणि बाहेर पाणंदीत नेऊन ठेवल्या, पुढचं टोक रस्त्याकडे करून. परत येऊन दादाला सांगितलं की घर लहान आहे, तुझे जोडे ठेवायला इथे जागा नाही. तो आधी हसला. मग म्हणाला, काशी, निदान ओवाळ तरी, एवढ्या लांबून आलो. मी त्याचा पुडा आणि कापड त्याच्या हातात दिलं. बराच वेळ उन्हात उभा होता, मग गेला. चिमा घाबरून विचारत होती की डाग राहिला होता का.

तबक तयार होतं ते वाया घालवलं नाही. संध्याकाळी खळ्यात उभी राहून मी चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. चिमा शेजारी निरांजन धरून होती.

कळावे. यापुढे लोभ मागत नाही.
काशी