किटोंगाच्या उतारावरील परीक्षा

३ मार्च, पहाटे. म्बेया.
कंपनीने नवे ट्रक आणले आहेत. वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल, इंजिन ब्रेक, सर्व सिद्ध. चालकांना ते शिकवण्यासाठी एक उस्ताद नेमणार. मी सर्वांत ज्येष्ठ चालक, मोरावियन चर्चच्या मंडळीचा वडील, शास्त्राचा नित्य वाचक. दुसरा कोण असणार? केवळ परीक्षेची औपचारिकता उरली आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
परीक्षक आतुगानिले, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. म्हणाली, क्रूझ फक्त मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर. घाटात नि पावसात बंद. उतार लागण्याआधीच खालचा गिअर, मग इंजिन ब्रेक. पायाचा ब्रेक अधूनमधून. मी डोळे मिटून ऐकले. बाबा, झोपलात काय, असे तिने विचारले. मनन करतो आहे, असे सांगितले. पत्नी सुबिलागा म्हणते, तुमचं मनन शेजारपाजारी ऐकू जातं.

५ मार्च, सकाळ. मकाम्बाकोच्या पुढे.
तांबे लादून दार-एस-सलामकडे. शेजारी आतुगानिले, परीक्षा घेण्यास. सपाटीवर क्रूझ लावले, पाय आखडून घेतले, स्तोत्र आरंभले. ती म्हणाली, गा की बाबा, पण पाय ब्रेकपाशी असू द्या, स्तोत्राला तो लागत नाही. तरुणांत भक्तिभाव कमी.

५ मार्च, दुपार. किटोंगा.
क्रूझ बंद, खालचा गिअर, इंजिन ब्रेक. ट्रक गुरगुरत संथ उतरू लागला. येथवर निर्दोष. पुढे रस्ता मोकळा दिसला आणि हाताने आपण होऊन गिअर काढला. आम्ही जुने चालक उतारावर ट्रक न्यूट्रलमध्येच सोडतो. डिझेल वाचते, ईश्वराच्या देणगीचा अपव्यय मला सोसत नाही. परंतु गिअर सुटताच इंजिनाचा चाकांशी संबंध तुटला, इंजिन ब्रेक निरर्थक झाला. गिअर पुन्हा बसेना. पायाचा ब्रेक दाबून धरला, तर चाकांतून धूर. शास्त्रातील अग्निरथ आठवला. तो मात्र वर चालला होता.
आतुगानिले म्हणाली, बाबा, डोंगराला घासा, दरीकडे बघू नका. घासला. थांबलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
पुढे ट्रक बंद पडला आहे हा इशारा म्हणून मागच्या चालकांनी रीतीप्रमाणे हिरव्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या. एकाने विचारले, काय बाबा, किती डिझेल वाचलं? धोका प्रत्यक्ष दाखवणे ही अध्यापनाचीच एक उच्च पद्धती होय. आतुगानिलेच्या हे ध्यानी आले असावे. ती बराच वेळ वहीत लिहीत होती.

१२ मार्च. म्बेया.
उस्ताद म्हणून आतुगानिलेची नेमणूक झाली. मला तिच्या वर्गात पहिला बाक मिळाला, नव्या लायसन्सवाल्यांच्या मध्ये. तिने विचारले, उतारावर गिअर काढला तर काय होतं? सर्व जण माझ्याकडे पाहत होते. उभा राहून सविस्तर सांगितले, धुरासकट. ती म्हणाली, बरोबर आहे बाबा, बसा आता.
बसलो. पुढील परीक्षेपर्यंत बसूनच राहावयाचे आहे.