घाटवाणीतला नानांचा आवाज

दूधविनायक, काशी
९ मार्च २०२६

ती. स्व. दादास,
अवनीचा सा. नमस्कार.

इकडे ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. होळीचा रंग गल्लीतल्या भिंतींवर अजून तसाच आहे. मंगला गौरीच्या देवळात जाताना शेजारचे बिंदुमाधवकाका रोज अडवतात, "देवव्रत आ रहा है न पाडव्याला?" मी हो म्हणते आणि पाय उचलते. नानांबद्दल पुढे लिहिते.

तुला वाटेल, ही बया फोन सोडून कागदावर कशी उतरली! कारण आहे, तेही येईल ओघात. तू गाडीत बसायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडू दे, एवढीच देवापाशी मागणी.

आपल्या घाटवाणी चॅनेलला यंदा दहा वर्षं झाली. आठवतं ना? अमृतराव घाटावर आईच्या परकराच्या नाडीने स्टुलाला बांधलेला तुझा फोन, आणि समोर नाना. घाटाची गोष्ट सांगायची सोडून आधी तुलाच विचारतात, "देवव्रत, सुरू झालं का रे?" तू ते कापलं नाहीस, आणि लोकांना तेच आवडलं. मग आपलं पाहून गया, प्रयाग, नाशिक करत इतरांची बेचाळीस चॅनेल निघाली. टाळेबंदीत कुणाला काशीला येता येईना, तेव्हा नाना कॅमेऱ्यासमोर बसून परगावच्यांची श्राद्धं करू लागले. आपण दोघं किती मिरवलो तेव्हा.

पुढच्या वर्षी आई गेली आणि तू मणिकर्णिकेवर चितेपाशी कॅमेरा चालू ठेवलास. "याचं नाव पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही," नाना म्हणाले. तू पुण्याला गेलास. नानांनी शब्द पाळला, दादा. एकदाही तुझं नाव घेतलं नाही.

आता लिहायलाच हवं. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी नानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं, सगळं समजतं, पण पाच महिन्यांत एक शब्द नाही. तुला कळवलं नाही. कुणालाच कळवलं नाही.

मग शिवरात्रीला घाटवाणीवर कोण बोलत होतं, विचारशील. यंत्र. नानांचं दहा वर्षांचं बोलणं त्यात घातलं, की ते हवं ते नाव, हवं ते गोत्र त्यांच्या आवाजात म्हणतं. मधला खोकलासुद्धा त्यांचाच. पितृपक्षातल्या चित्रीकरणावर मी तो आवाज चढवत गेले. लोक आपापल्या घरी हात जोडून बसत आणि मी इथे बटण दाबत असे. आधी वाटलं, नाना बरे होईपर्यंतच. नंतर थांबायचीच भीती वाटायला लागली.

एका दुपारी मी कामाच्या खोलीत तो आवाज लावून बघत होते. पलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला. नानांना सांभाळणारी गीता धावत आली, "दीदी, बंद कीजिए, बाबूजी काँप रहे हैं!" जाऊन पाहिलं तर नाना भिंतीकडे टक लावून होते. आपण न केलेला संकल्प आपल्याच आवाजात ऐकत होते रे ते! त्या दिवसापासून मला नानांच्या खोलीत पाऊल टाकवत नव्हतं.

तरी मी थांबले नाही. गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या शरदिनीबाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं. "गुरुजींनी फाल्गुनातल्या संकल्पात वर्षा ऋतू कसा हो म्हटला?" नानांसारख्या शास्त्र्यांची मुलगी मी, नाव बदललं, तिथी बदलली आणि ऋतू भाद्रपदातलाच राहू दिला. बाई रागावल्या नव्हत्या. "त्यांना बरं नाही का?" एवढंच विचारत होत्या. नंतर फोन करते म्हणाले आणि ठेवून दिला.

परवा त्यांना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. घाटवाणी मी बंद केली आहे. उरलेल्या त्रेसष्ट घरांना सांगायचं आहे. पोलीस येतील की लोक दारात येतील, ठाऊक नाही. जिन्यात पाऊल वाजलं तरी आधी दाराला कडी लावते.

पण सगळ्यात मोठी भीती तुझी आहे. "देवव्रत, पाडव्याला घरी ये. मी सगळं विसरलो." तुझ्या फोनवर आलेला, तू अकरा वेळा ऐकला म्हणालास तो निरोप नानांचा नाही, दादा. तो मी केला. तुझं नाव त्या पहिल्या व्हिडिओतून घेतलं, बाकी यंत्राने म्हटलं. मला एकटीला फार भीती वाटत होती, आणि मी बोलावलं असतं तर तू आला नसतास. फोन सोडून पत्र लिहितेय, तेही यामुळेच. आता फोनवरचा माझा आवाज तरी तू खरा का मानशील?

काल नानांजवळ बसून सगळं सांगितलं आणि तो निरोप ऐकवला. त्यांनी डाव्या हाताने फोन पालथा केला आणि हात त्यावरच ठेवला. मी घ्यायला गेले तर सोडेनात. गीताने विचारलं, "बाबूजी, भैया को आने दें?" त्यांनी डोळे मिटले. ते हो होतं की नाही, मला कळलं नाही. ते हो होतं असं सांगून तुला बोलवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या तोंडचे शब्द यापुढे मी लिहिणार नाही.

आलास तर दारातूनच आपलं नाव मोठ्याने सांग. त्यांना ऐकू येतं.

ये, दादा. हे मी म्हणतेय.

हे वेडंवाकडं अक्षर तरी ओळखशील ना,
तुझी अवनी