छत्रीच्या जागी दिवे

मी, खाली सही करणारा, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी अखेरची व्यवस्था लिहून ठेवतो. अक्षर हलले आहे ते वयाने नव्हे, कालच्या धक्क्याने.

१. घर एकुलत्या लेकीचे. तीही गाडी चालवते. काल सकाळी पुलापलीकडच्या जंक्शनवर तिला हिरवा सिग्नल मिळाला. हिरवा म्हणजे 'जा'. सरळ जा की बाजूच्या रुळावर वळ, हे तो सांगतच नाही. ते सांगायची रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची काळी छत्री. सांधा वळणाला लावला की तो ती उघडून केबिनबाहेर उभा राहायचा. कोणत्याही नियमात नसलेली ही खूण आम्ही सारे ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. काल सांधेवाला तापाने घरी होता. बदलीच्या माणसाला छत्रीचे काही ठाऊकच नव्हते. लेक भरधाव वळणात शिरली. डबे एका अंगावर कलले आणि पुन्हा रुळावर टेकले. कसे, अजून कळत नाही. घरी आली ती चपला न काढता दारातच उभी. "बाबा, छत्री नव्हती हो."

आता म्हणते, गाडीवर पुन्हा पाय ठेवणार नाही.

२. शाळेपासून जपलेली कवितांची पुस्तके नातीला. ओळ कुठे वळणार ते यमक कानाला आधीच सांगते. आमच्या सिग्नलला तेवढेही साधले नाही.

३. आरामखुर्ची जावईबापूंना. ते सिग्नल खात्यात साहेब. सिग्नलच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ लावा, वळण असेल तेव्हाच पेटणारी, असे मी दर जेवणाला त्यांचे डोके खात आलो.
"बाबा, कागद वर गेलाय."
"वर म्हणजे कुठे? स्वर्गात?"
लेक खो खो हसायची. काल जावई तिचे गार हात चोळत बसले होते. कागदाचे नाव निघाले नाही. ते दिवे लागल्याशिवाय त्यांनी खुर्चीत बसायचे नाही.

४. सांधेवाला आज तापातच आला, छत्री माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ठेवून घ्या दादा, मला बघवत नाही." ती माझ्या चितेवर ठेवावी. पण दिवे लागून, लेक त्यांच्याखालून गाडी नेईल त्यानंतर. तोवर मला मरायला सवड नाही, आणि छत्रीलाही.

स्थळ : घराची पुढची खोली
दिनांक : लेक जिवंत परतली त्याचा दुसरा दिवस

सही : निवृत्त ड्रायव्हर

साक्षीदार :
१. शेजारचे डॉक्टर. शुद्धीवर आहेत, नाडी जलद.
२. सांधेवाला. छत्री परत घेऊन केबिनवर जातो आहे. बदलीवाल्याला दाखवायची आहे.