सत्ताविसाव्या वर्षी पुनरागमन

३ सप्टेंबर, सकाळ
आजपासून पुनरागमन. मार्चमध्ये वार्नाला रिदमिक जिम्नॅस्टिक्सची राष्ट्रीय स्पर्धा. नऊ वर्षांपूर्वी तिथेच रिबनमध्ये ब्राँझ मिळालं होतं. या वेळी गोल्ड. पाठ ठीक. दुखते, पण आता सवयीची झालीये. आईची चीज भरलेली, लोण्यात निथळणारी बानित्सा पूर्ण बंद.

३ सप्टेंबर, दुपार
आईने गरम बानित्सा केली. चीज वाया गेलं असतं. डाएट उद्यापासून.

६ सप्टेंबर
रुसेच्या आमच्या जुन्या क्लबमध्ये गेले. मला बघून कोच स्तांकोवा मॅडमनी डोळे मिटले. आनंदाने. म्हणाल्या, आलीच आहेस तर लहान मुलींचा वॉर्म-अप घे. मला हळूहळू तयार करायची त्यांची पद्धत, दुसरं काय! सात वर्षांची नेवेना म्हणाली, काकू, तुम्ही कुणाच्या आई? दुर्लक्ष केलं.

२१ सप्टेंबर
स्प्लिट जमला. जमीन फक्त वीतभर खाली राहिली. नेवेना वाकून म्हणाली, इथून माझा चेंडू जाईल. गेला. आगाऊ कार्टी. तिला चेंडू झेलता मात्र येत नाही. शिकवण्यात दोन तास गेले.

१४ ऑक्टोबर
प्रॅक्टिस नाही. आठ मुलींचे अंबाडे बांधले. त्याने मनगटं मजबूत होतात.

९ नोव्हेंबर
रिबन छताच्या दिव्यात अडकली. शिपाई मेतोदीकाका शिडीवरून कुरकुरले, पूर्वी कधी इतकी वर जात नव्हती! म्हणजे ताकद वाढलीय.

२० जानेवारी
निवड चाचणी. पहिल्याच गिरकीत आडवी. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तसंच बसवलंय. मॅडम शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "झोरी, तुझं करिअर त्या ब्राँझलाच संपलं गं. तेव्हाच सांगायला हवं होतं, माझीच जीभ रेटली नाही. रडून घे. चारला मुली येतायत."
रडले. पावणेचारला हजर.

१५ मार्च, वार्ना
लहान गटात नेवेना अकरा जणींत सातवी. मी कडेला इतकी ओरडले की पंचांनी समज दिली. मग तिच्या गुणपत्रकावर सहीला बोलावलं. सवयीने 'खेळाडू'च्या रकान्यात सही ठोकली. बघत राहिले. खोडली. खाली 'प्रशिक्षक'पुढे केली, जरा मोठीच.
पंचबाई म्हणाल्या, आटपा हो, मागे रांग लागलीय.