ठकी कुणावर गेली?

४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून या घरात कुणी कुणावर हात उगारायचा नाही. ठराव माझा, अंमलबजावणीही माझीच.

कारण आमची नात ठकी, वय वर्षं पाच. आज शाळेत एका मुलाच्या कपाळात तिनं लाकडी ठोकळा घातला. टाके पडले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुन्हा झालं तर नाव काढून टाकू. सून म्हणाली, तसं झालं तर आई, मी तिला माझ्या ऑफिसशेजारच्या शाळेत घालीन, पाळणाघरासकट. म्हणजे माझ्या दुपारी गेल्या. शाळा सुटली की ठकी माझा अंगठा मुठीत धरून झोपते. तो अंगठा मी कुणाला सोडवू देणार नाही.

ठकी अकरा महिन्यांची असताना मुलानं-सुनेनं तिला दत्तक घेतलं. मी कॉन्व्हेंटमधली, मोकळ्या मनाची. पहिल्या दिवसापासून तिला आपली मानली. पण रक्त ते रक्त. कुठल्या तरी पैलवानाचं असणार.

६ फेब्रुवारी, बुधवार
बाबांची फार आठवण आली. किती हळवे होते! राग आला की आधी चष्मा काढायचे, काड्या मिटायचे, कपाटावर ठेवून वरून हलकेच थोपटायचे. मग ताट भिरकवायचे. आईच्या भुवईवरची खूण शेवटपर्यंत गेली नाही. पण चष्म्यावर कधी ओरखडा म्हणून आला नाही. वस्तू जपणारी अशी माणसं आता कुठे राहिलीत?

मी मात्र पूर्ण आईवर गेले. निव्वळ गोगलगाय.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार
नळ तिसऱ्यांदा गळला. नळवाला म्हणतो कसा, मावशी, नळ चांगला आहे, तुमचा हातच जड. मी चष्मा काढून ठेवला आणि त्याचा पाना त्याच्याकडे परत केला. जरा लांबून. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही, त्यामुळे बेसिनवरचा आरसा फुटला. एक काच त्याच्या कोपरात घुसली. एवढंसं रक्त, पण बोंब अशी मारली, जसा काही हातच तुटला. आयोडीन मीच लावलं, कुणी कृतज्ञ असेल तर शपथ.

ठकी दारात बिस्कीट खात उभी होती. टाळ्या वाजवल्या. मारामारीचं एवढं आकर्षण! जन्मजात, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
शाळेनं समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिशीचीसुद्धा नसेल. म्हणाली, स्वभावात काही रक्तातून येतं, काही घरातून, दोन्ही एकमेकांत इतकं मिसळतं की वेगळं काढता येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे काढता येतं, ठकी आमच्या रक्ताची नाही. मग विचारते, घरातलं वातावरण कसं असतं? मी म्हटलं, कॉन्व्हेंटच्या चॅपलसारखं, शांत. शेजारी बसलेले हे खोकले.

घरी आल्यावर ह्यांना खोकल्याचा अर्थ विचारला. ह्यांनी सांगितला. रिमोट भिंतीवर आपटून तीन तुकडे. हे वेळेवर वाकले होते. या वयात एवढी लवचीक कंबर कुणाची असते? माझ्याच हाताखाली झाली. श्रेय मात्र देणार नाहीत.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
नवा उपाय. राग आला की दहा आकडे मोजायचे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या. फार मायाळू. फूटपट्टी मारायच्या आधी तळहात पुसायला स्वतःचा रुमाल द्यायच्या.

ठकीनं छान मोजले. मी सहावर होते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं ड्रिल सुरू केलं. चष्मा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. कुंडी खाली गेली. त्याच्या गाडीच्या काचेवर. वर बघून ओरडला, बाई, खून कराल एखादा! मीही दोन शब्द ऐकवले. इंग्रजीत.

ठकी म्हणाली, आजी, सात-आठ-नऊ-दहा राहिले ना?

हजरजबाबी आहे. हे माझं.

२० फेब्रुवारी, बुधवार
ठकीनं वर्गातल्या मुलीला डस्टर फेकून मारलं. पुढचा दात गेला, ओठ फाटला. मुलगा बाहेरगावी, म्हणून सून, हे आणि मी गेलो. मी सगळं पाठ करून गेले होते: पैलवान, रक्त, आमचा इलाज नाही.

मुख्याध्यापिकांनी कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. ठकी उठली. डोळ्यांवरून काहीतरी काढलं. तिला चष्मा नाही. त्या नसलेल्या चष्म्याच्या काड्या मिटल्या, एक, मग दुसरी. खिडकीत ठेवला. वरून हलकेच थोपटलं. मग डस्टर.

नेम अचूक. तिला सगळं स्पष्ट दिसतं ना.

सून माझ्याकडे बघत राहिली. मुख्याध्यापिकांनी विचारलं, घरी चष्मा कोण लावतं? हे म्हणाले, आम्ही दोघं, पण मी तो फक्त वाचायलाच काढून ठेवतो.

पडद्यावर बाबा होते. ठकी या घरात आली त्याच्या कितीतरी आधी ते गेले. त्यांचा फोटोसुद्धा तिनं पाहिलेला नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
सोमवारपासून नवी शाळा, पाळणाघर. सून आवाज न चढवता म्हणाली, आई, रविवारी आणत जाईन, मी असताना. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारी ठकीचा डबा, बाटली, रंगपेटी पिशवीत भरत होते. ती टेबलाशी चित्र काढत होती, हे समोर पेपर वाचत होते. कुणाचं काही चुकलं नाही. रंगपेटीत माझ्या अंगठ्याएवढा उरलेला निळा खडू दिसला आणि एकदम डोळे भरून आले.

पुसायला म्हणून चष्मा काढला.

हे वाकले. ठकी टेबलाखाली गेली.